मुलीचं नाव 'तापी' : अर्थ, उगम आणि तापी-तपती-ताप्तीचा घोळ

गोमाईकाठ

शहादा तालुक्यातल्या एका घरात नातीसाठी 'तापी' हे नाव पुढे आलंय. नदी दारातली, नाव दोन अक्षरी, हाकेला सोपं. पण तीन आक्षेप निघालेत. एक, तापी हे गावठी रूप, खरं नाव 'तपती'. दोन, ताप म्हणजे आजारपण, मुलीला असं नाव का? तीन, कागदोपत्री तापी लिहायचं, तपती की ताप्ती? जाणकारांनी मुद्द्याचं सांगावं. नोंदणी झाली आहे, नावाचा रकाना अजून कोरा ठेवलाय.

शब्दखोदू

रकाना कोरा ठेवला ते बरं केलं.

आधी शब्द. संस्कृतात 'तप्' धातू. तापणं, तळपणं आणि तप करणं, हे तिन्ही अर्थ त्याच्याच पोटात. तपन म्हणजे सूर्य, आतप म्हणजे ऊन, तपस् म्हणजे तप, सगळी एकाच घरची भावंडं. त्याच घरातली तापी आणि तपती. मराठीत 'ताप' म्हटलं की आपल्याला थर्मामीटर आठवतो, पण तो या घराण्यातला अगदी धाकटा अर्थ. नावातला अर्थ तेजाचा, उबेचा, उन्हाचा आहे.

तपतीची कथा महाभारतात आदिपर्वात येते. अंगारपर्ण गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो. अर्जुन चक्रावतो : आम्ही तर कौंतेय, हे तापत्य कुठून काढलं? मग गंधर्व सांगतो. तपती ही सूर्याची मुलगी, सावित्रीची धाकटी बहीण. पौरव कुळातला राजा संवरण शिकारीला गेला, घोडा तहानभुकेने मेला, राजा डोंगरात पायी हिंडत असताना ती त्याला दिसली. वसिष्ठ स्वतः सूर्याकडे गेले आणि त्यांनी तिला राजासाठी मागून आणलं. पुढे 12 वर्षं दोघं डोंगरातच राहिले आणि तेवढी वर्षं राज्यात पाऊस नाही. वसिष्ठांनी त्यांना परत आणलं तेव्हा पाऊस पडला. त्यांचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव आणि पांडव दोघांचीही मूळ माउली तपती. नाव ठेवताना 'कुठली ही तपती?' असं कोणी विचारलं तर एवढं पुरे.

जाता जाता व्याकरणाची गंमत : 'तपत्' (तापणारा) या रूपाचं स्त्रीलिंग नियमाने 'तपन्ती' व्हायला हवं, कारण पहिल्या गणाच्या धातूंना तिथे न् घ्यावाच लागतो, जसं भवन्ती, पचन्ती. पण विशेषनाम म्हणून ग्रंथांत 'तपती'च आहे. विशेषनामं व्याकरणाला फारशी भीक घालत नाहीत.

अरुणावती_१२

पण 'तपती' मराठीत विशेषणही आहे ना? तपती दुपार, तपती वाळू. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर कोणी 'तपती' अशी हाक मारली तर माणसं हवामान समजतील.

शब्दखोदू

हाच त्या रूपाचा खरा तोटा. संस्कृतात ते नाव आहे, मराठीत ते चालतं-बोलतं विशेषण आहे. शाळेत 'तपली का?' हे ठरलेलंच. 'तापी'ला चिडवायचं तर 'तापट' एवढंच हाताशी लागतं, आणि तेही ओढून आणावं लागतं.

लेणीवाचक

'तापी हे तपतीचं घासून झालेलं गावठी रूप' हा आक्षेप मात्र सरळ चुकीचा आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा मोठा लेख आहे. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. त्यात त्याने केलेली दानं सांगितलीत, आणि एका ओळीत नद्यांची यादी येते : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने लोकांना फुकट पार करणाऱ्या होड्या ठेवल्या होत्या. लेख सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. दगडात कोरलंय 'तापी', तपती नाही.

पुराणांतही तेच. विष्णुपुराणात ऋक्ष पर्वतातून निघणाऱ्या नद्या सांगताना 'तापी-पयोष्णी-निर्विन्ध्या' असा क्रम आहे. नदी म्हणून 'तापी' आणि सूर्यकन्या म्हणून 'तपती' ही दोन्ही रूपं जुनी आहेत, शेजारी शेजारी नांदलेली. एकाला मूळ आणि दुसऱ्याला बिघडलेलं म्हणायला काही आधार नाही. उगमाचं गाव मुलताई, बैतूल जिल्ह्यात. त्याचं जुनं नाव 'मूलतापी' असं सांगतात, तिथेही तापीच.

'ताप्ती' ही मध्य प्रदेशातल्या हिंदीतली आणि जुन्या इंग्रजी नकाशांतली सवय. रेल्वेमुळे ती आपल्याकडे पक्की झाली, सुरतेहून सुटणारी ताप्ती-गंगा एक्स्प्रेस सगळ्यांच्या ओळखीची. पण प्रकाशा, सारंगखेडा, चांगदेव, कुठेही काठावर उभं राहून ऐका, 'ताप्ती' कोणी म्हणत नाही.

बोरीवालं

आमनाकडे तापीमायच म्हनतस. तपती कोन म्हनस भाऊ? आंडेरनं (पोरीचं) नाव तापीच ठेवा.

पंचांगबाबा

धार्मिक बाजूचे चार मुद्दे, कारण घरातली थोरली माणसं तेच विचारतील.

रास : अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या तक्त्यात, 'त' आणि 'ता' एकच धरतात. स्वाती नक्षत्राचा चौथा चरण, तूळ रास. तापी, तपती, ताप्ती तिन्ही तिथेच. मुलगी स्वातीच्या चौथ्या चरणावर नसेल तर नावरस वेगळं ठेवून व्यवहारात तापी ठेवतात, त्यात अडचण काही नाही.

तिथी : तापीची जयंती आषाढ शुद्ध सप्तमी. सप्तमी ही सूर्याची तिथी, रथसप्तमीही त्याच हिशेबाची.

नातं : भागवतात सूर्याला छायेपासून तीन मुलं सांगितली आहेत, शनैश्चर, सावर्णी आणि तपती. संज्ञेपासून वैवस्वत मनू, यम आणि यमी, म्हणजे यमुना. तेव्हा यमुना आणि तापी सावत्र बहिणी. अमरकोशात 'सूर्यतनया' हा शब्द यमुनेसाठी दिलेला आहे, म्हणून 'सूर्यतनया म्हणजे तापी' असं पत्रिकेवर छापू नका, कोणीतरी बोट ठेवेल. 'सूर्यकन्या तापी' लिहा.

लक्षण : मुलीचं नाव उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनोहर आणि दीर्घ स्वराने संपणारं असावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तापी यात चपखल बसतं. पारस्कर गृह्यसूत्र मुलींसाठी विषम अक्षरं आणि शेवटी आ सांगतं. अक्षरांच्या हिशेबात तपती पास, तापी नापास. आकारान्ताच्या हिशेबात दोघीही नापास. पण अक्षरांच्या हिशेबाने सीताही नापास होते, तेव्हा फार ताणू नये.

अरुणावती_१२

शनीची बहीण म्हणून काही घरांत नको म्हणतात, असं ऐकलंय.

पंचांगबाबा

मग यमुना नाव कसं चालतं? ती तर यमाची बहीण. अमरकोशात तिला 'शमनस्वसा' म्हटलंय, शमन म्हणजे यम. तरी घरोघरी यमुना होत्या.

खरा जुना अडथळा वेगळाच आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधू निवडताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांच्या नावाची मुलगी करू नये, असं सांगितलंय : 'नर्क्षवृक्षनदीनाम्नीम्'. आता गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, रोहिणी, तुळसा ही नावं महाराष्ट्राने किती ठेवली ते पाहा. हा नियम इथे कोणी कधी पाळलेला दिसत नाही. आक्षेप घेणाऱ्याच्या घरात आजी बहुतेक गंगाबाईच असते.

चावडीवाचन

मग हे नाव दुर्मिळ का झालं? खानदेशात ते कधी अगदी अनोळखी नव्हतंच. आजी-पणजीच्या पिढीत तापीबाई, तापाबाई भेटतात, पुरुषांत तापीराम भेटतो. पण ते 'बाई' लागलेलं नाव राहिलं, 'बाई' गळून नुसतं 'तापी' असं नव्या पिढीत फारसं आलं नाही. गोदावरीची गोदा झाली, कृष्णाबाईची कृष्णा झाली, तापीबाई मात्र तशीच म्हातारी झाली. एक कारण मराठीतला ताप. दुसरं असं की ही नदी महाराष्ट्राच्या वरच्या कडेने वाहते, पुणे-सातारा-नगरच्या बोलण्यात ती रोज येत नाही.

राज्याबाहेर चित्र वेगळं. बंगालीत 'तपती' हे बऱ्यापैकी ओळखीचं नाव आहे, उच्चार तोपोतीच्या जवळ जातो. रवींद्रनाथांचं 1929 चं 'तपती' नाटक त्याच नावाचं. गुजरातमध्ये 2 ऑक्टोबर 2007 पासून तापी नावाचा जिल्हाच आहे, मुख्यालय व्यारा. आणि थायलंडमध्ये सुरत थानी शहराजवळून एक तापी वाहते. 1915 मध्ये तिथल्या राजाने शहराला आपल्या सुरतेवरून नाव दिलं आणि नदीला तापी. मुलीला मोठेपणी सांगायला हे बरं आहे.

आपल्या भागात नाव किती चालतं हे अंदाजाने नको, मोजून बघता येतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांकानुसार मतदार याद्या मिळतात. एका पानावर 30 नावं असतात. काठावरच्या गावांचे दोन भाग घ्या आणि नदीपासून लांबचे, म्हणजे चाळीसगाव किंवा साक्रीकडचे, दोन घ्या. वयाप्रमाणे दोन खण करा, साठीच्या वरच्या आणि तिशीच्या आतल्या. तापी, तापीबाई, तापाबाई वेगवेगळं मोजा. याद्या बहुधा चित्ररूपात असतात, शोध चालत नाही, डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. लहान मुलं यात येत नाहीत हे लक्षात ठेवा. आणि नाव-पत्ता कुठे टाकू नका, फक्त आकडा.

अजून एक. जुन्या हस्तलिखित नोंदींत 'तापीबाई'चं 'ताराबाई' झालेलं असतं, पा आणि रा घाईच्या अक्षरात सारखे दिसतात. पणजीच्या नावावरून नाव ठेवताय आणि सातबाऱ्यावर ताराबाई आहे, असं निघालं तर मूळ फेरफार काढून पाहा. लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलला होतो.

दाखलेवाला

आता कागद. इथेच नावाचं वाटोळं होतं, म्हणून सविस्तर.

जन्माची नोंद 21 दिवसांत, आणि ती जिथे जन्म झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. दवाखाना शहाद्यात असेल तर नोंद शहादा नगरपालिकेत, बाळाचं घर कुठल्याही खेड्यात असो. नोंदीच्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर रकाना कोरा राहू द्यावा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 14 प्रमाणे 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट टाकता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणून 21 दिवसांच्या घाईत 'तूर्त काहीतरी लिहा' हे कधीही करू नका. एकदा नाव चढलं की अक्षराची चूक पुराव्यावर सुधारते, पण तपतीचं तापी करून द्या म्हटलं तर ती चूक धरत नाहीत, तो नावबदल ठरतो. मग राजपत्राचा लांबचा रस्ता.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी हा दाखला फार जड झालाय. शाळा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सगळीकडे जन्मतारीख आणि जन्मठिकाणाला हाच पुरावा. पुढचे सगळे कागद यावरून निघणार.

नावाचा क्रमही बदललाय. 1 मे 2024 किंवा नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांत असं लिहायचं : मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तापीच्या मागे आता आई आधी येते. जुन्या सवयीने अर्जात वडील आधी लिहिले की दाखला एका क्रमाचा आणि शाळेची नोंद दुसऱ्या क्रमाची होते.

दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत छापतात, आणि चूक होते ती या दोनच्या मध्ये. टंकलेखक एका भाषेत टाइप करतो, दुसरी भाषा यंत्र सुचवतं. टी-ए-पी-आय दिलं की 'टापी', 'तपी', 'टपी' यांपैकी काहीही येऊ शकतं. टी-ए-पी-ए-टी-आय दिलं तर 'तापती' किंवा 'टपाटी'. ताप्तीत जोडाक्षर, तिथे जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला की अर्धा प तुटतो. तिघांत सगळ्यात कमी मोडणारं तापी, कारण जोडाक्षर नाही आणि अक्षरं दोनच. आधार केंद्रावरही हेच. पडद्यावर दोन्ही भाषांतलं नाव दिसतं, ऑपरेटरला थांबवून वाचा, आणि पावती हातात आल्यावर काउंटर सोडायच्या आत पुन्हा वाचा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी टंकलेखकाच्या 'टापी'वर घालवू नये.

उधनाकर

सुरतेतल्या खानदेशी लोकांसाठी जोड. बाळंतपण सुरतेत झालं तर दाखला तिथून मिळतो, गुजराती आणि इंग्रजीत. मराठी त्यावर नसतंच. पुढे गावाकडच्या शाळेत कारकून इंग्रजी वाचून मराठी लिहितो. त्यात जर इंग्रजीत ताप्ती छापलेलं असेल तर शाळेत 'टाप्ती' झालंच म्हणून समजा. उपाय साधा : सुरतेतच इंग्रजी स्पेलिंग तापीचं द्या, आणि शाळेच्या प्रवेश अर्जात मराठी नाव स्वतःच्या हाताने, सुट्या ठळक अक्षरांत लिहा. कारकुनाला तोंडी सांगू नका.

अरुणावती_१२

इंग्रजीत दोन ए घालावेत का, म्हणजे उच्चार 'टॅपी' होणार नाही?

दाखलेवाला

उच्चारासाठी दोन ए बरोबर, कागदासाठी तोट्याचे. नदीचं, जिल्ह्याचं, तापी पाटबंधारे महामंडळाचं स्पेलिंग सगळीकडे एका ए-चं आहे, त्यामुळे जो तो सवयीने एकच लिहिणार आणि जन्मभर 'डबल ए' सांगत बसावं लागणार. एकच ठेवा. बाहेरचा माणूस 'टॅपी' म्हणेल, एकदा सांगितलं की सुधारेल. फक्त इंटरनेटवर त्या चार अक्षरांनी शोधलं की तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत वायुवाहिनी निघते, त्याला इलाज नाही.

वाघूर

तापी नकोच ठरलं तर तिच्या उपनद्या बघा. पूर्णा सहज खपतं, अर्थही भरलेला, चांगदेवला तापीला मिळते. अरुणावती सुंदर पण कागदावर लांब, घरात अरूच होणार. अनेर मुलगा-मुलगी दोघांना चालेल. गोमाई प्रकाशाला तापीत मिळते, नाव गोड आहे, पण शाळेतली पोरं सोडणार नाहीत. पयोष्णीचा अर्थ कोमट पाण्याची, अभ्यासकांना आवडेल, बाकी सगळे दोनदा विचारतील. गिरणा म्हटलं की धरणच आठवतं.

गोमाईकाठ

सगळ्यांचे आभार. घरात उषवदाताच्या होड्या सांगितल्यावर 'गावठी' म्हणणारे गप्प झाले. तापीच नक्की. एक राहिलं : हाक कशी मारायची? तापीबाई म्हटलं की लगेच नऊवारी डोळ्यांपुढे येतं.

बोरीवालं

'ये वं तापे.' लाडात तापू.

शब्दखोदू

तापे बरोबर, तो संबोधनाचा एकार आहे, जसं सखूचं सखे. विभक्तीत रूप बदलत नाही : तापीला, तापीने, तापीची.

दाखलेवाला

आणि नगरपालिकेत नाव चढवताना छपाईआधी पडदा स्वतःकडे वळवून घ्या. 'प'ला वेलांटी दुसरी हवी. पहिली आली तर 'तापि' होतं, घाईत ते कोणाच्या नजरेत येत नाही, आणि पुढे आधार दीर्घ, दाखला ऱ्हस्व म्हणून अर्ज परत येतो.